खिडकीकडच्या दोन तुळया

चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सेवरून, मृतासाठीच्या प्रार्थनेवरून, सगळे परतले, तेव्हा फाटकाशी एक अनोळखी बाई उभी होती. तिच्या पायाशी दोन चपट्या पेट्या होत्या आणि खांद्याला लांबोडकी पिशवी. कोपऱ्यावर वळताच सेलेस्तला ती दिसली आणि तिनं नवऱ्याचा दंड धरला.

"अमादेउ, ही कोण? फुलं विकणारी असली तर सांग, पुरेत म्हणावं."

इल्दाला पिशवीवरूनच उमगलं. मागच्या महिन्यात बाबांनी स्वतः फोन करून हिला बोलावून घेतलं होतं, धाप लागत असताना, वाक्यावाक्याला थांबत. तारीख तिच्यादेखत ठरली होती. पुढे बाबा इस्पितळात गेले, तिथून परत आलेच नाहीत, आणि ही भेट रद्द करायला हवी हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"मी तेल्मा. ब्रागाहून आले. श्रीयुत वेनांसियुंनी माळ्याचं लाकूड तपासायला…" बाईची नजर सगळ्यांच्या काळ्या कपड्यांवरून फिरली आणि ती गप्प झाली.

"ते गेले," इल्दा म्हणाली. "मागच्या मंगळवारी."

"मला कुणी… माफ करा. मी परत येईन."

"कधी?" हे इल्दाच्या भावानं, अमादेउनं विचारलं.

"जूनच्या आत नाही जमायचं. उन्हाळ्याआधी सगळीकडून बोलावणी असतात."

हॉटेलवाल्यांनी एप्रिलअखेरपर्यंतच वाट पाहायचं कबूल केलं होतं. नदीकाठचा हा जुना कातडी कमावायचा कारखाना, मागचं अंगण आणि घर असं सगळं मिळून त्यांना हवं होतं. भिंती ठेवणार, आतलं सगळं काढून टाकणार. बाबांनी त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. इल्दा पोर्तोमधली जागा सोडून बाबांच्या सेवेला आली, तेव्हाच दोघांचं ठरलं होतं की माळ्यावर तिचं पुस्तकबांधणीचं काम हलवायचं. तिच्या दोन लोखंडी प्रेस पावसाळाभर अंगणात ताडपत्रीखाली बसून होत्या. नगरपालिकेचं म्हणणं एवढंच होतं, की माळ्याच्या तुळया एवढं वजन पेलतील असा जाणकाराचा दाखला आणा. दाखला मिळाला तर इल्दा राहणार. नाही मिळाला तर तुळया बदलण्याची ऐपत या घरात कुणाचीच नव्हती, आणि मग हॉटेल.

"आजच करा," इल्दा म्हणाली.

"आज?" सेलेस्तनं डोक्यावरची काळी जाळी ओढून काढली. "माणसाला जाऊन आठवडा नाही झाला, आणि घरात भोकं पाडायची?"

"माझ्या भावानं बोलावलंय तिला," मागून अल्ज़िरा आते धापा टाकत आली. गुडघ्यांमुळे ती नेहमी सगळ्यांच्या मागे पडायची आणि भांडणाला मात्र वेळेवर पोचायची. "त्याची पाहुणी आहे ती. आत या हो बाई. आधी कॉफी घ्या, मग काय पाडायचं ते पाडा."

सेलेस्तनं इल्दाकडे पाहिलं. आते आज कुणाच्या बाजूला आहे, ते दोघींनाही कळलं.

*

माळ्यावर जाणारा जिना बाहेरून होता. आते खालीच राहिली. सेलेस्तनं जिन्याच्या कठड्यावरून वाकून खालच्या कोरड्या हौदांकडे पाहिलं आणि तीही स्वयंपाकघराकडे वळली. वर तिघंच गेले.

माळा लांबलचक होता. दोन्ही अंगांना फळ्यांच्या झडपा, वारा आत घ्यायला. छताला आकड्यांच्या रांगा. त्यातल्या एकाच आकड्याला काहीतरी लटकत होतं, अगदी मध्यावर, नदीकडच्या खिडकीपाशी. शेळीचं एकच कातडं, पिवळसर तपकिरी. दर वर्षी बाबा इल्दाच्या पुस्तकांसाठी एक कातडं कमवायचे. कारखाना बंद पडला तरी तो एक नेम राहिला होता. हे या वर्षीचं. वाळायला घातलं आणि काढायचं राहिलं.

इल्दानं तिकडे बघायचं टाळलं.

"लाकूड कुठलं, माहीत आहे?" तेल्मानं पेटी उघडत विचारलं.

"चेस्टनट," अमादेउ म्हणाला. "सगळ्या तुळया एकाच रानातल्या. आजोबा सांगायचे, लोखंड गंजेल, ही नाही हलायची."

"सगळ्यांचे आजोबा हेच सांगतात." तेल्मा हसली, मग आज हसायचा दिवस नाही हे आठवून थांबली. "बघू या. तुळई काही खाली उतरवून तोलता येत नाही. म्हणून तिला थोडं थोडं, वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायचं. घनता चांगली निघाली, म्हणजे लाकूड आतून भरीव असलं, की निम्मं काम झालं. उरलेलं गाठी आणि भेगा बघून."

तिनं आधी पायाखालच्या फळ्या जागोजागी उचलून लाकडी हातोडीनं प्रत्येक तुळई ठोकली, कान देऊन. मग पिशवीतून यंत्र काढलं. त्याला केसाएवढी बारीक, लांब सुई होती. ती गिरगिर फिरत लाकडात शिरायची आणि लाकूड तिला किती अडवतं त्याची रेघ कागदावर उमटायची. भरीव लाकडात रेघ उंच, पोकळ लाकडात खाली. भिंतीकडच्या तुळयांत रेघ उंच चढली आणि तिथंच करवतीच्या दातांसारखी खालीवर होत राहिली.

"छान," तेल्मा पुटपुटली. मग थांबली. "एक विचारू? तुम्ही दोघं मघापासून भिंतीकडेनंच चालताय. मी मधून येते, तर तुम्ही वळसा घालून येता."

इल्दानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. खरंच, ती भिंतीला खांदा लावून उभी होती.

"लहानपणची सवय," अमादेउ म्हणाला. "मध्ये कातडी लटकायची ना. अंगावर पाणी ठिबकायचं. बाबा ओरडायचे, भिंतीकडून चला."

"कातडी गेली, तरी?"

"बाबा होते की."

खिडकीकडच्या दोन तुळयांपाशी सुई सुळकन आत गेली. रेघ मध्येच खाली आली आणि खालीच राहिली. तेल्मानं कपाळाला आठी घालून जागा बदलली, पुन्हा भोक पाडलं. तेच. मग तिनं पोकळ गिरमिट लावून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या काढायला घेतल्या, प्रत्येक तुळईची एक, खिडकीकडच्यांच्या दोन-दोन. अमादेउ उचललेल्या फळीपाशी तुळईला हात लावून बसला होता. पहिली कांडी निघाली तेव्हा त्याच्या बोटांवर भुसा पडला. त्यानं तोंड पुसलं आणि एकदम पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला, नदीकडे बघत.

रडतोय, इल्दाला वाटलं. मिस्सेत तो रडला नव्हता. पाद्र्यानं बाबांचं नाव चुकीचं उच्चारलं तेव्हाही नाही. तिनं त्याला तसंच राहू दिलं.

"ही मोडली," तेल्मानं एक कांडी तिच्या हातावर ठेवली. "दुसरी काढते. ही काही कामाची नाही, ठेवा हवी तर."

इल्दानं ती कोटाच्या खिशात टाकली. बाबांच्या कितीतरी वस्तू या आठवड्यात अशाच तिच्या खिशात गेल्या होत्या. चष्म्याचा स्क्रू, अर्धी गोळी, बसचं तिकीट.

*

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला तेल्मानं तिचा लहानसा वजनकाटा मांडला. दुसऱ्या टोकाला आते बटाटे सोलत होती. मधोमध सेलेस्त, दोघींकडे आळीपाळीनं बघत.

तेल्मा कांडीची लांबीरुंदी मोजायची, मग तोलायची, मग आकडा लिहायची. तिसऱ्या-चौथ्या कांडीनंतर तिची भुवई वर गेली.

"गंमत आहे. खिडकीकडच्या दोन्ही सगळ्यात जड. भिंतीकडच्यांपेक्षाही."

"म्हणजे?" सेलेस्तनं विचारलं.

"म्हणजे वजनावरून ते लाकूड उत्तम. चेस्टनट मी इतकं जड क्वचित पाहिलंय. पण सुई उलटं सांगते. सुई म्हणते, आत काही दम नाही."

"मग कुणाचं खरं?" इल्दाचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा बारीक निघाला.

"कांड्या नेऊन भट्टीत वाळवते. पाणी असलं तर उडून जाईल. वाळवूनही वजन असंच राहिलं, तर मी वजनाचं ऐकीन. सुई एखाद्या भेगेत गेली असेल. तसं झालं तर दाखला द्यायला मला अडचण नाही." तिनं पेन उचललं. "वर काय असायचं एवढंच सांगा. मला नोंदवावं लागतं."

"कमावलेली कातडी," अमादेउ चटकन म्हणाला. "धुतलेली, कमावलेली. वाळत घालायचे फक्त."

"आणि पुराच्या सालापासून तर…" आतेनं सुरी थांबवली.

"आते, भांडं ऊतू जातंय."

आतेनं वळून पाहिलं. भांडं नुसतं वाफ सोडत होतं. "कुठं ऊतू जातंय? डोळे तपासून घे बाबा," असं म्हणत ती तरीही उठली, झाकण सरकवलं, आणि पुराचं साल तिथंच राहिलं.

"म्हणजे राहणार तर ही," सेलेस्त म्हणाली. हे ती भिंतीला म्हणाली. "चांगलंय. आम्ही उतारवयात कॅफे चालवत उभे राहू, पाय सुजवून, आणि इथं पुस्तकांना कातड्याचे कपडे शिवले जातील."

"सेलेस्त." अमादेउनं एवढंच म्हटलं.

"काय सेलेस्त? बोलले नाही मी काही. सात दिवस बोलले नाही."

"मग आठव्या दिवशी बोल," आते चुलीकडूनच म्हणाली. "इल्दा, ताटं घे. बाई जेवून जातील."

नको नको म्हणत तेल्मा जेवायला बसली. आतेनं खारवलेला कॉड मासा बटाट्यांबरोबर उकडला होता. वरून ऑलिवचं तेल, कच्चा कांदा. पहिल्या घासाला तिनंच तोंड वाकडं केलं.

"बघा! परवापासून भिजत घातला होता. तीनदा पाणी बदललं. तोलला तेव्हा असा भरलेला, हातात मावेना. आणि भिजवल्यावर बघते तर निम्मा. उरलं काय, तर चिंध्या. तो मेला कुन्या मासा विकत नाही, मीठ विकतो माशाच्या भावानं."

"आते, दर वेळी त्याच्याकडूनच आणतेस," अमादेउ म्हणाला.

"उधारी कोण देतो दुसरा?"

तेल्मा हसली. सेलेस्तसुद्धा हसली. या आठवड्यात टेबलाशी पहिल्यांदाच कुणी हसलं होतं, आणि बाबांच्या रिकाम्या खुर्चीला त्याचं काही वाटलं नाही.

इल्दाचा काटा हवेतच राहिला. तोलला तेव्हा भरलेला, भिजवल्यावर चिंध्या.

"पाणी आणते," ती म्हणाली. पाण्याचा जग टेबलावर भरलेला होता, तरी कुणी तिला थांबवलं नाही.

*

अंगणात ताडपत्रीवर पावसाचं पाणी साचलं होतं. तिच्या दोन प्रेस आत गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारख्या. इल्दानं खिशातली कांडी काढली. दिसायला छान होती, गडद, गुळगुळीत.

या घरातल्या माणसांना कुठलीही गोष्ट आधी जिभेला लावायची खोड होती. कातडं नीट धुतलं गेलं की नाही, हे बोटांनी कळत नाही, डोळ्यांनी तर नाहीच. बाबा कोपरा उचलून जिभेचं टोक लावायचे. खारट लागलं की परत नदीत. इल्दा आणि अमादेउ शाळेत जायच्या आधीपासून हे शिकले होते. वर्गात इल्दानं एकदा दप्तर चाटून पाहिलं, तेव्हा बाईंनी घरी निरोप पाठवला होता. बाबा तेव्हा म्हणाले होते, काय लागलं ते सांग आधी.

तिनं कांडीचं मोडलेलं टोक जिभेला लावलं.

खारट. लाकडाचा तुरटपणा नंतर आला, फार नंतर.

पुराचं साल. आजोबांच्या वेळी नदी कारखान्यात शिरली आणि तळमजल्यावर ठेवलेली कच्ची कातडी, मिठात घातलेली, एका रात्रीत वाहून गेली. त्यानंतर आजोबांनी ती खाली ठेवलीच नाहीत. मिठाच्या थरांसकट वर माळ्यावर चढवायची, नदीवर नजर राहावी म्हणून खिडकीकडे. शहाण्या माणसानं कधी ओली, मिठाची कातडी लाकडी माळ्यावर ठेवली नसती. पण आजोबांना पूर दिसत होता, मीठ नव्हतं दिसत. पुढे बाबांनीही तेच केलं, कारण आजोबा करायचे. वर्षानुवर्षं खारं पाणी त्या दोन तुळयांत मुरत राहिलं. किड्यानं त्यांना तोंड लावलं नाही. मीठ मात्र आत बसून, सुकून, लाकडाचे धागे उसवत गेलं आणि त्यांची जागा घेत गेलं.

भट्टीत पाणी उडतं. मीठ उडत नाही. कांड्या वाळल्यावरही तेवढ्याच जड भरणार होत्या. दाखला येणार होता.

इल्दा ताडपत्रीवर हात ठेवून उभी राहिली. तिला फार दमल्यासारखं वाटलं, त्या आठवड्यातल्या कुठल्याही रात्रीपेक्षा जास्त. काही करायचं नव्हतं. काही न करणं एवढंच करायचं होतं. आत जायचं, बाईंना फाटकापर्यंत सोडायचं, आभार मानायचे. बाबांनी हेच मागितलं असतं का? बाबा तर ओरडायचे, भिंतीकडून चला. आणि पाणी ठिबकायचं बंद झाल्यावरही ओरडायचे.

तिला ते आत्ता कळलं: मधल्या भागाचा भरवसा बाबांनाच नव्हता. त्यांनी कधी कारण सांगितलं नव्हतं. कारण आपलं आपणच जोडलं होतं.

*

तेल्मा पेट्या उचलून फाटकाशी आली, तेव्हा इल्दा तिथं होती.

"खिडकीकडच्या कांड्या पाण्यात भिजवा," ती म्हणाली. "वाळवायच्या आधी. पाणी बदलून बदलून. मग वाळवा आणि मग तोला."

"का?"

"तिथं कच्ची कातडी असायची. मिठातली. माझ्या जन्माआधीपासून." तिनं मोडकी कांडी पुढे केली. "ते लाकडाचं वजन नाही."

तेल्मानं कांडी घेतली, वास घेतला, मग इल्दाकडे पाहिलं आणि क्षणभर थांबून तीही जिभेला लावली. तिचा चेहरा बदलला. ती वाद घालणारी बाई नव्हती.

"म्हणून जुळत नव्हतं. सुईचंच खरं होतं." मग हळू आवाजात, "तुम्हाला माहीत आहे ना, याचा अर्थ काय? मी प्रेस ठेवायला परवानगी देऊ शकणार नाही. खरं तर कुणालाच मध्ये जायला देऊ नका."

"माहीत आहे."

"दुसरं कुणी बोललं नसतं."

इल्दानं फाटक उघडलं.

ती परतली, तोवर आतेला खिडकीतून सगळं ऐकू गेलं होतं. आते दारातच उभी, हातात फडकं.

"तुला विचारलं होतं कुणी? मी सकाळपासून त्या सेलेस्तच्या तोंडी लागत्येय तुझ्यासाठी, आणि तू स्वतःच्या हातानं… भावाचं घर होतं माझ्या ते!"

"आते, तूच सांगणार होतीस पुराचं."

"मी म्हातारी आहे, मी काहीही सांगेन! तू शिकलेली आहेस!" आते फडक्यात नाक पुसायला लागली. तिच्या मागून सेलेस्त आली. तिनं आतेच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः भांडी घासायला लागली. जिंकल्याचं काही तिच्या पाठीवरून दिसत नव्हतं. नळ सोडायच्या आधी ती म्हणाली, "इल्दा, आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. प्रेस नाही मावायच्या. तू मावशील."

*

अमादेउ अंगणात होता. त्यानं ताडपत्रीवरचं पाणी एका बाजूनं उचलून ओतून दिलं होतं आणि आता तिच्या दोऱ्या पुन्हा बांधत होता.

"सांगितलंस," तो वर न बघता म्हणाला.

"हो."

"वाटलंच. पाणी आणायला गेलीस तेव्हाच वाटलं."

इल्दा त्याच्याकडे बघत राहिली. बोटांवर पडलेला भुसा. पुसलेलं तोंड. ऊतू न गेलेलं भांडं.

"तू कधी चाखलंस?"

"तिनं भोक पाडलं तेव्हाच. हात आपोआप गेला गं. मला काय माहीत तोंडात मीठ येईल."

"आणि बोलला नाहीस. तुला तर विकायचं होतं."

"होतं की. आहे." त्यानं गाठ करकचून ओढली. "पण आज नको वाटलं. याच आठवड्यात बाप गेला, त्यात आणि हे. म्हटलं, राहू दे तिला. तू काय, एकटीच असणार वर. आणि तू भिंतीकडूनच चालतेस."

"प्रेस भिंतीकडून चालत नाही, अमादेउ."

तो हसला नाही. त्यानं मान हलवली, आणि मग बराच वेळ त्याचे खांदे हलत राहिले. इल्दा शेजारी उभी राहिली. या वेळी तो खरंच रडत होता.

"हॉटेलवाले गुरुवारी येतो म्हणालेत," शेवटी नाक पुसून तो म्हणाला.

"येऊ देत."

"तू थांबशील तेव्हा?"

"थांबेन. पण आधी वर जायचंय. ते कातडं काढायचं राहिलंय."

"मी काढतो."

"तू जड आहेस. मी जाते."

जिन्याच्या तोंडाशी तो उभा राहिला आणि ताडपत्रीची उरलेली दोरी त्यानं तिच्या कमरेला बांधली, लहानपणी नदीत उतरताना बांधायचे तशी. दोघांनाही ते जरा हास्यास्पद वाटलं, पण कुणी सोडली नाही. इल्दा भिंतीकडेनं खिडकीपर्यंत गेली. तिथून मध्यावर जायला सहा-सात पावलं टाकायची होती. ती तिनं आयुष्यात कधी टाकली नव्हती. खाली फळी कुरकुरली. मागे दोरी ताणली गेली, सैल झाली.

"सावकाश," अमादेउ म्हणाला, अगदी बाबांच्या आवाजात.

तिनं हात उंच करून आकड्यावरून कातडं सोडवलं. वाळून खडखडीत झालं होतं, कडा आत वळलेल्या. इतकं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ते छातीशी धरून ती भिंतीकडे परत आली, दोरी सोडली नाही, तशीच टेकून उभी राहिली.

मग तिनं एक कोपरा उचलून जिभेला लावला.

"काय लागलं?" जिन्यावरून अमादेउनं विचारलं.

कमावताना घातलेल्या ओकच्या सालीचा वास होता, थोडा धुराचा. खारटपणाचा मागमूस नव्हता. धाप लागत होती तरी त्या माणसानं हे नदीवर नेऊन धुतलं होतं, पुन्हा धुतलं होतं.

"तुरट," ती म्हणाली. "नुसतं तुरट."